भाडेकरू नवरा-बायको वेगळे झाले, तर घरमालकिणीनं काय करावं?

(समुदाय रेडिओवरील भाषण)



तालुक्याच्या गावी, साखर कारखान्याजवळ, एसटी स्टँडच्या मागे, आपल्यातल्या कितीतरी जणींनी एखाद-दुसरी खोली भाड्यानं दिलेली असते. कुणी बचत गटाचं कर्ज काढून वरचा मजला चढवला, कुणी नवऱ्यामागे पुढची पडवी बंद करून खोली केली. त्या भाड्यावर मुलांची फी भागते, सासूबाईंची औषधं येतात. म्हणून आज घरमालकिणीच्या बाजूनं एक प्रश्न घेऊया.

समजा, तुम्ही खोली एका जोडप्याला दिली. करारावर दोघांच्या सह्या आहेत. चार-सहा महिन्यांत दोघांचं बिनसलं आणि नवरा बॅग भरून निघून गेला. आठवड्यानं त्याचा फोन येतो, "मावशी, मी खोली सोडली. तिला बाहेर काढा आणि माझं डिपॉझिट मला द्या." आत ती बाई दोन लेकरांना घेऊन बसलेली. भाड्याची तारीख जवळ आलेली. आता काय करायचं?

पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. त्यांच्या संसाराचा निवाडा करणं तुमच्याकडे नाही. चूक कुणाची, हे तुम्हाला ठरवायचं नाही. तुमच्याकडे एवढंच आहे, की करार काय म्हणतो ते बघायचं आणि एकाच्या शब्दावर दुसऱ्याला घराबाहेर काढायचं नाही.

आधी कागद बघा

करारावर दोघांची नावं असतील, तर खोलीवर दोघांचा सारखा हक्क आहे आणि भाड्याची जबाबदारीही दोघांची आहे. एक जण निघून गेला म्हणून दुसरीचा करार संपत नाही. आणि निघून गेलेला "माझा आता संबंध नाही" म्हणाला, म्हणून तोही सुटत नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे दोघांनी मिळून कबूल केलेली रक्कम, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर, दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण मागता येते. ज्यानं भरली त्यानं दुसऱ्याकडून त्याचा वाटा घ्यायचा. म्हणून "माझं अर्धं भाडं घ्या, बाकीचं त्याच्याकडून मागा" हे तुमच्यावर बंधनकारक नाही. पण अडचणीत असलेल्या बाईला चार दिवसांची सवड द्यायला कायद्याची आडकाठी नाही. सवड दिलीत तर ती कागदावर लिहून द्या.

करार एकट्या नवऱ्याच्या नावावर असला तर? आपल्याकडे बहुतेक वेळा असंच असतं. अशा वेळी "तिचं नावच नाही, मग तिचा काय हक्क?" असं वाटतं. इथे दोन गोष्टी माहीत हव्यात.

एक म्हणजे २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा. त्यात 'सामायिक घर' म्हणजे फक्त मालकीचं घर नव्हे, भाड्याचं घरही येतं, मग भाडेकरू म्हणून नाव एकट्या नवऱ्याचं का असेना. हिंसाचार सोसलेल्या बाईनं अर्ज केला, तर न्यायदंडाधिकारी नवऱ्याला सांगू शकतात, की तिला घरातून काढू नकोस, भाडं तू भर, किंवा तशाच दर्जाची दुसरी जागा बघून दे. न्यायालयाच्या परवानगीशिवाय घरावरचा हक्क सोडून देऊ नकोस, असाही आदेश निघू शकतो. म्हणजे "मी खोली सोडली" हा नवऱ्याचा फोन दर वेळी शेवटचा शब्द नसतो. हा कायदा घरमालकाविरुद्ध नाही, नवऱ्याविरुद्ध आहे. पण त्यातला आदेश तुमच्या खोलीबद्दल असू शकतो. म्हणून असा काही कागद निघाला आहे का हे विचारा आणि असला तर त्याची प्रत ठेवून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा २००५चा एक निकाल. बंगळुरूचं भाड्याचं घर होतं. भाडेकरू नवरा बायकोला सोडून गेला होता आणि मालकानं घर खाली करून मागितलं होतं. न्यायालयानं सांगितलं, की नवरा घरासाठी भांडत नसेल, तर मागे राहिलेली पत्नी त्याच्या जागी उभी राहून आपली बाजू मांडू शकते. पण तिचा हक्क नवऱ्याच्या हक्काहून मोठा नाही. भाडं भरावंच लागतं, कराराच्या अटी पाळाव्याच लागतात. त्या प्रकरणातल्या बाईचा मधल्या काळात संमतीनं घटस्फोट झाला होता आणि घटस्फोटाच्या ठरावात तिच्या राहण्याबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. म्हणून शेवटी तिच्या हाती घर लागलं नाही. मैत्रिणींनो, हे घरमालकिणीपेक्षा आपल्या लेकीबाळींनी जास्त लक्षात ठेवावं. वेगळं होताना पोटगी लिहून घेतो, तसं राहायचं कुठे तेही लिहून घ्यावं.

काय करू नये

कुलूप बदलू नका. नवरा सांगतो म्हणून बायको घराबाहेर, किंवा बायको सांगते म्हणून नवरा घराबाहेर, असं आपल्या हातानं करू नका. न्यायालयाचा आदेश असेल तर गोष्ट वेगळी.

पाणी बंद करू नका, विजेची वायर काढू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात याला मनाई आहे. हा कायदा सगळ्या गावांना सारखा लागू नाही, पण तो लागू नसला तरी जबरदस्ती चालत नाही. कायदेशीर मार्ग सोडून ज्याला घराबाहेर काढलं, तो १९६३च्या विशिष्ट अनुतोष कायद्याखाली ६ महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो.

सामान अडवून धरू नका. कुणी सामान न्यायला आलं, तर दोघांच्या संमतीनं, दोन साक्षीदारांसमोर यादी करून सह्या घ्या.

आणि एकाचा ठावठिकाणा दुसऱ्याला सांगू नका. बाई खोली सोडून माहेरी किंवा दुसरीकडे गेली असेल, तर तिचा पत्ता, मुलांची शाळा, कामाची जागा आपल्या तोंडून जाऊ देऊ नका. "मला माहीत नाही" एवढं पुरे.

भाडं आणि डिपॉझिट

आत राहिलेली बाई भाडं घेऊन आली, तर काही जणी घाबरतात. "तिच्याकडून घेतलं तर ती नवी भाडेकरू होईल!" घाबरू नका. पैसे घ्या आणि पावती द्या. पावतीवर लिहा, 'चालू कराराप्रमाणे अमुक महिन्याचं भाडं, अमुक यांच्याकडून मिळालं.' फोनवरून पैसे आले तरी पावती द्या. ती पावती तुमचाही पुरावा आहे आणि तिचाही. उद्या न्यायालयात तिला दाखवावं लागेल, की भाडं मी भरत होते.

डिपॉझिट दोघांनी मिळून दिलं असेल, तर परत करताना एकाच पावतीवर दोघांच्या सह्या घ्या. एकाला देऊन मोकळं झालात तर दुसरा दारात येईल. करार एकट्या नवऱ्याचा असेल तर पैसे त्याचे, पण ते खोली रिकामी होऊन चावी हातात आल्यावर. बायको-मुलं आत असताना हिशेब पूर्ण होत नाही.

तिला राहायचं असेल तर

दोघांनाही एकाच वेळी लेखी कळवा आणि विचारा, करार पुढे कसा चालवायचा? तिला राहायचं असेल आणि भाडं झेपत असेल, तर सगळ्यात स्वच्छ मार्ग असा. जुना करार दोघांच्या सह्यांनी संपवायचा, डिपॉझिटचा हिशेब मिटवायचा आणि तिच्या एकटीच्या नावानं नवा करार करायचा. एकटी बाई आहे म्हणून भाडं वाढवू नका, नाही म्हणू नका. लेकरांची शाळा जवळ आहे म्हणून टिकून राहणारी भाडेकरीण वेळेवर भाडं देते, हे आपणा सगळ्यांना ठाऊक आहे.

तिला झेपत नसेल किंवा मुदत संपूनही जागा सुटत नसेल, तर करारातल्या मुदतीची लेखी नोटीस द्या आणि पुढचा मार्ग न्यायालयाचा किंवा सक्षम प्राधिकाऱ्याचा. तुमचाही हक्क बुडत नाही. फक्त तो दांडगाईनं मिळवायचा नाही.

दोन मैत्रिणी, दोन परिचारिका, दोघे भाऊ मिळून राहत असतील आणि त्यांचं फाटलं, तरी कागदाचा, भाड्याचा आणि कुलपाचा नियम हाच.

मारहाण होत असेल तर

मग करार बाजूला. ११२ वर पोलिसांना फोन करा. महिलांसाठी १८१ आहे. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना कुणीही कळवू शकतं, शेजारीण आणि घरमालकीणसुद्धा. चांगल्या हेतूनं माहिती दिली, तर देणाऱ्यावर कायद्यानं जबाबदारी येत नाही. वकिलाची फी परवडत नाही म्हणून बाईनं थांबू नये. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका विधी सेवा समितीकडे जायचं किंवा १५१०० वर फोन करायचा.

आधीच केलेलं बरं

११ महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, नोटरीचा शिक्का पुरतो, असा समज आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं ठरवण्याचं ओझं आपल्यावर येतं. शिवाय ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

जोडप्याला खोली देताना दोघांची नावं, दोघांच्या सह्या, दोघांचे फोन नंबर घ्या. आणि दोन ओळी जादा लिहून घ्या. एक जण सोडून गेला तर किती दिवसांची लेखी सूचना द्यायची, आणि डिपॉझिट कुणाला किती परत द्यायचं. गोडीत असताना लिहिलेल्या दोन ओळी भांडणाच्या दिवशी उपयोगी पडतात.

या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एवढं करा. ज्यांनी खोल्या दिल्यात त्यांनी आपापला करार घेऊन या, आणि ज्या भाड्यानं राहतात त्यांनीही. त्यावर आपलं नाव आहे का, ते एकमेकींना वाचून दाखवा. नसेल, तर पुढच्या नूतनीकरणाला ते घालून घ्या.