चाळीस फुटी पासोडी आणि पाच जणांचं पंचक

बालमित्रांनो, तुमच्या घरी जाड सुती पासोडी आहे का? थंडीत आजी पांघरते ना, तीच. आता अशी एक पासोडी डोळ्यांसमोर आणा, की जी ४ फूट रुंद आणि सुमारे ४० फूट लांब आहे! तुमच्या वयाची आठ-नऊ मुलं एकापुढे एक आडवी झोपली, तर कुठे ती भरेल. पण गंमत म्हणजे ही पासोडी पांघरायची नाही बरं का, वाचायची आहे!

आपल्या बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला ही पासोडी जपून ठेवलेली आहे. तिच्यावर ओव्या लिहिल्या आहेत दासोपंतांनी. त्यांचा काळ १५५१ ते १६१५. पंचमहाभूतांपासून हे जग कसं घडलं, हे त्यांनी कापडावर ओळीनं लिहून काढलं.

दासोपंतांचा लिहिण्याचा झपाटा तरी केवढा! त्यांना रोज एक ढब्बू पैशाची शाई लागायची, असं सांगतात. (ढब्बू म्हणजे त्या काळचं एक जाडजूड नाणं.) भगवद्गीतेवर त्यांनी 'गीतार्णव' नावाचा ग्रंथ रचला. त्याच्या ओव्या सव्वा लाख मानतात. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. म्हणजे हा ग्रंथ तेरा-चौदा ज्ञानेश्वऱ्यांएवढा झाला!

पण आता एक गणित सोडवा पाहू. ज्ञानेश्वरी तुमच्या गल्लीत दहा घरांत तरी सापडेल. आणि 'गीतार्णव'? तो पूर्ण वाचलेला माणूस शोधायला निघालात, तर चपला झिजतील. असं का झालं असेल?

याचं उत्तर शोधायला आपल्याला अंबाजोगाईहून गोदाकाठच्या पैठणला जावं लागेल. तिथे त्याच काळात संत एकनाथ राहत होते. ज्ञानेश्वरी लिहून झाली १२९० मध्ये. तेव्हा छापखाने कुठले? ज्याला ग्रंथ हवा, त्याने तो हातानं उतरवून घ्यायचा. त्याच्यावरून दुसऱ्यानं, दुसऱ्यावरून तिसऱ्यानं. तुम्ही कानगोष्टींचा खेळ खेळता ना? पहिल्यानं 'आंबा' म्हणावं आणि शेवटच्यापर्यंत 'तांब्या' पोचावा! तसंच पोथ्यांचं झालं. कुणाचं अक्षर चुकलं, कुणी ओळ गाळली, कुणी हौसेनं आपलीच ओवी मध्ये घुसवली. असं जवळजवळ तीनशे वर्षं चाललं.

एकनाथांनी वेगवेगळ्या पोथ्या मिळवल्या, त्या ताडून पाहिल्या आणि १५८४ मध्ये शुद्ध प्रत तयार केली. शिवाय, यात यापुढे कोणी आपली ओवी घालू नये, असंही बजावून ठेवलं. स्वतः एवढे मोठे कवी, पण दुसऱ्याच्या ग्रंथातल्या चुका काढत बसले. याला म्हणतात संपादन!

आणि स्वतःचं लिहिणं? तेही चालूच होतं. नाथांनी आपलं भागवत काशीत १५७३ मध्ये पूर्ण केलं. मराठीत असा ग्रंथ लिहिला म्हणून तिथले पंडित आधी रागावले. पण वाचल्यावर इतके खूश झाले, की त्यांनी ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी कथा आहे. साहित्य संमेलनात ग्रंथदिंडी निघते ना, तशीच! अंबाजोगाईलाही १९८३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. त्याचे अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर.

ज्यांना पोथी वाचता येत नव्हती, त्यांच्यासाठी नाथांनी भारुडं रचली. विंचू, वासुदेव, जोशी, गोंधळी अशी रोजची पात्रं घेतली आणि मोठे विचार हसत-खेळत चावडीपर्यंत नेऊन पोचवले.

म्हणजे कामं झाली तीन: लिहिणं, तपासणं आणि पोचवणं. एका माणसाला ही तिन्ही जमायची म्हणजे तारेवरची कसरत! मग सोबती लागतात. आपल्या साहित्यात 'नाथपंचक' म्हणून पाच नावं एकत्र घेतात. एकनाथ, दासोपंत, बीडचे जनी जनार्दन, रामा जनार्दन आणि विठा रेणुकानंदन. त्यांतले तिघे तर देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे शिष्य, म्हणजे एकमेकांचे गुरुबंधू. दासोपंत आणि नाथांच्या भेटीगाठींच्या कथा आजही सांगतात. पैठण ते अंबाजोगाई म्हणजे त्या काळी कित्येक मुक्कामांची वाट! तरी लिहिणारा लिहिणाऱ्याला ओळखून होता.

आता आपलं गणित सुटतं. दासोपंतांची विद्वत्ता कमी नव्हती. पण एवढा अवाढव्य ग्रंथ उतरवून घ्यायला किती हात लागतील, विचार करा! ज्ञानेश्वरीला असे हात पिढ्यान् पिढ्या मिळाले. 'गीतार्णवा'ला फार थोडे मिळाले. पुढे १९०३ साली ठाण्याच्या वि. ल. भावे यांनी 'महाराष्ट्र कवी' हे मासिक काढून जुन्या पोथ्यांतलं काव्य छापायला घेतलं. त्यात दासोपंतांचंही लेखन आलं. मराठवाड्यातले अभ्यासक न. शे. पोहनेरकर यांनी पासोडीचं संपादन केलं. तीनशे वर्षांनी का होईना, दासोपंतांना सोबती भेटले!

आता तुमच्या दप्तराकडे वळू या. त्यात एखादी वही आहे ना, कुणालाही न दाखवलेली? तिच्यात कविता असेल, नाहीतर अर्धी राहिलेली गोष्ट. 'हसतील सगळे' म्हणून तुम्ही ती लपवली असेल. मग असं करा. तुमचंही एक पंचक जमवा. एकानं लिहायचं. दुसऱ्यानं शुद्धलेखन पाहायचं. तिसऱ्यानं 'इथे मला कळलं नाही' एवढंच सांगायचं, पण खरं सांगायचं! चौथ्यानं सुवाच्य अक्षरात उतरवायचं आणि पाचव्यानं ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायचं. पुढच्या आठवड्यात कामं बदलायची, म्हणजे प्रत्येकाची लिहायची पाळी येईल. मित्राची चूक काढताना आपलीच ओळ घुसवायची नाही, हा नाथांचा नियम मात्र पाळायचा हं!

आणि आईबाबांनो, तुमच्यासाठीही एक काम. मुलांच्या वह्यांत गृहपाठ तर तुम्ही रोजच शोधता. एखाद्या संध्याकाळी ही दुसरी वहीसुद्धा मागा आणि 'वाचून दाखव' म्हणा. कोण जाणे, तुमच्याही घरात एखादी पासोडी घडीतच राहिली असेल!