अँटिजेन टेस्ट ‘निगेटिव्ह’ आली म्हणजे नेमके काय?

२०२१ चा एप्रिल. कोरोनाची दुसरी लाट भरात होती आणि जालना जिल्ह्यात आमचे काही तरुण कार्यकर्ते वस्तीवस्तीत धान्याची किट वाटत होते. एकाचा घसा दुखत होता. त्याने अँटिजेन टेस्ट केली, निगेटिव्ह आली. “ताई, रिपोर्ट क्लिअर आहे, जाऊ ना?” मी हो म्हणाले. दिवसभर तो म्हाताऱ्या माणसांच्या दारात उभा होता. पुढे ताप वाढला, आरटी-पीसीआर केली, ती पॉझिटिव्ह. “टेस्टच बोगस,” असे सगळे म्हणाले. खरे तर चूक माझी होती. ही टेस्ट किती सांगू शकते, हे मी वाचलेच नव्हते.

वाचायला होते मात्र. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) १४ जून २०२० रोजी ‘स्टँडर्ड क्यू’ या किटला मान्यता देताना आकडे जाहीर केले होते. दोन ठिकाणच्या तपासणीत बाधित माणूस ओळखण्याची क्षमता ५०.६ ते ८४ टक्के निघाली, म्हणजे शंभर बाधितांपैकी १६ ते ४९ जण निसटणार. निरोगी माणसाला निरोगी ठरवण्यात मात्र ती ९९.३ ते १०० टक्के बरोबर होती. म्हणूनच त्याच पत्रकात म्हटले होते, की लक्षणे असून टेस्ट निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करावीच. हे पाळले जात नाही म्हणून १० सप्टेंबर २०२० रोजी केंद्राला राज्यांना पुन्हा आठवण करून द्यावी लागली.

असे का होते? आरटी-पीसीआर विषाणूच्या जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती तयार करते, त्यामुळे थोडा विषाणूही सापडतो. अँटिजेन पट्टी नाकातल्या द्रावात विषाणूचे प्रथिन आहे तेवढेच पकडते. वाढवत काहीच नाही. विषाणू भरपूर असेल तरच दुसरी रेघ उमटते. जगभरातील अभ्यास एकत्र करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात लक्षणे असलेल्यांमध्ये सुमारे ७२ टक्के बाधित सापडले, लक्षणे नसलेल्यांत ५८ टक्के. लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात ७८ टक्के, दुसऱ्यात ५१.

आता हिशोब करू. एका गावात लक्षणे नसलेल्या १००० जणांची टेस्ट केली, त्यात २० बाधित आहेत असे धरा. ५८ टक्क्यांनी साधारण १२ सापडतील. उरलेले ८ जण निगेटिव्ह कागद घेऊन जयंतीच्या मंडपात येतील. उलट, साथ ओसरल्यावर त्याच हजारांत दोनच बाधित असतील, तर हजारी तीन-चार निरोगी माणसेही चुकून पॉझिटिव्ह ठरू शकतात. तेव्हा पॉझिटिव्हचीही आरटी-पीसीआरने खात्री करावी.

एक गोष्ट आकड्यांत येत नाही. सळईच्या कारखान्यातला रोजंदारी कामगार किंवा ऊसतोडीचा मजूर पॉझिटिव्ह निघाला की रोज बुडतो, वर शेजारी दार लावून घेतात. त्याला निगेटिव्हच हवा असतो, आणि तो कागद मिळाला की दुसरी टेस्ट कोण करणार? त्याला दोष देण्याआधी विलगीकरणाच्या दिवसांचे रेशन कोण देणार, हे आपल्या मंडळांनी ठरवायला हवे होते. कालाम सुत्त आपण भाषणात सांगतो. त्या दिवशी ते मी रिपोर्टच्या कागदाला लावले नाही.

घरी करायची किट मे २०२१ पासून मान्य झाली, पहिली पुण्याच्या मायलॅबची ‘कोव्हीसेल्फ’. ती वापरताना: घसा किंवा ताप असेल तर निगेटिव्ह आली तरी मास्क लावा, आजी-आजोबांपासून दूर राहा आणि आरटी-पीसीआर करा, ती जमत नसेल तर दोन दिवसांनी पुन्हा तपासा. ‘टी’ समोरची रेघ फिकट दिसली तरी ती पॉझिटिव्हच. ‘सी’ची रेघ नसेल तर टेस्ट बाद. आणि वीस मिनिटांनंतर दिसलेले काहीही धरू नका.