साबरमतीचा नवा काठ आणि जुने काठवासी

अहमदाबादला जाऊन आलेला माणूस साबरमतीच्या नव्या काठाचे वर्णन केल्याशिवाय राहत नाही. काठोकाठ पाणी, दोन्ही बाजूंना सरळ बांधलेल्या भिंती, फिरायला रुंद फरसबंद वाट, बागा, आणि २०२२ पासून केवळ पायी ओलांडण्याचा अटल पूल. वर्णन खोटे नाही. उघड्या गटारांनी भरलेला काठ स्वच्छ झाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या शहराचा मुख्य धंदा बुडाला, ते शहर नदीच्या काठावर नवी कमाई कशी उभी करते आणि त्या कमाईत कोणाला वाटा मिळतो, हे आपल्या सभासदांनी व विशेषतः विद्यार्थ्यांनी समजून घेणे जरुरीचे आहे.

अहमदाबादेतील पहिली कापड गिरणी रणछोडलाल छोटालाल यांनी १८६१ साली सुरू केली. पुढे हे शहर भारताचे मँचेस्टर म्हणून ओळखले जाऊ लागले. या गिरण्यांत दलित कामगार मोठ्या संख्येने होते, पण ते सूतकताईच्या खात्यात. जास्त मजुरीच्या विणाई खात्यात त्यांना मज्जाव होता, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ वाटे. मुंबईच्या गिरण्यांतही हीच रीत होती. १९२८ च्या संपाच्या वेळी प. पू. बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला होता. म्हणजे भरभराटीच्या काळातही आपला वाटा कमीच होता.

१९८० नंतरच्या वीस वर्षांत अहमदाबादच्या बहुतेक जुन्या गिरण्या बंद पडल्या व लाखभर कामगारांची नोकरी गेली. कोणी हातगाडी धरली, कोणी रिक्षा, कोणी घरी बसून शिवणकाम. नदीकाठच्या झोपड्यांत अशी कुटुंबे बरीच होती. गिरणीच्या दिवसांत पोटासाठी शहरात आलेली, दलित, मुसलमान आणि इतर गरीब. नदी तेव्हा वर्षातील बरेच महिने कोरडी असे. त्या कोरड्या पात्रात भाजीपाला पिकत असे, कपडे धुतले जात, आणि एलिस पुलाजवळ दर रविवारी जुन्या वस्तूंचा गुजरी बाजार भरे.

महापालिकेने १९९७ साली नदीकाठ विकासासाठी स्वतंत्र कंपनी काढली. आराखडा वास्तुविशारद बिमल पटेल यांच्या संस्थेने केला आणि प्रत्यक्ष बांधकाम २००५ साली सुरू झाले. माझ्यासारख्या बँकेत काम करणाऱ्या माणसाला या योजनेतील हिशेब पटकन कळतो. नदीचे पात्र कुठे रुंद, कुठे अरुंद होते. दोन्ही काठांवर सुमारे साडेअकरा किलोमीटर भिंती बांधून ते सारख्या रुंदीचे केले, आणि भिंतींच्या मागे सुमारे दोनशे हेक्टर नवी जमीन निघाली. कालपर्यंत जे पात्र कोणी तारण म्हणून घेतले नसते, ते एका फटक्यात शहरातील सर्वांत महागड्या जागांपैकी एक झाले. बहुतेक जमीन रस्ते व बागांना द्यायची, थोडा भाग विकायचा आणि त्यातून कर्ज व खर्च भागवायचा, अशी ही मांडणी. पाणीसुद्धा नदीचे स्वतःचे म्हणता येत नाही. ते नर्मदेच्या कालव्यातून येते आणि वासणा बंधाऱ्याने अडवून ठेवले जाते. बंधाऱ्याच्या खाली तीच साबरमती कारखान्यांच्या व गटारांच्या पाण्याने काळी वाहते. तिकडे फिरायला कोणी जात नाही.

या हिशेबात जमीन होती, कर्ज होते, विक्री होती. काठावर राहणाऱ्यांची कमाई कोणत्याच रकान्यात नव्हती. त्यांची नोंद झाली ती हलवायच्या झोपड्या म्हणून. २००५ साली साबरमती नागरिक अधिकार मंच या रहिवाशांच्या संघटनेने गुजरात उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा पर्यायी घर दिल्याशिवाय हटवू नये हा मुद्दा पुढे आला. पुढे दहा हजारांहून अधिक कुटुंबांना सोडत काढून पक्की घरे देण्यात आली. पुष्कळ घरे वटवा, ओढव अशा दूरच्या भागांत होती. काही इमारती तर बंद गिरण्यांच्या जागेवर उभ्या आहेत! घर पक्के, संडास घरात, ही मोठीच गोष्ट. पण जी बाई पूर्वी चालत जाऊन चार घरची भांडी घासून दुपारी परत येई, तिला आता बसभाडे आणि दोन तास लागू लागले. हा खर्च तिच्या मजुरीतूनच जातो.

गुजरी बाजाराचे मात्र वेगळे झाले. तेथील विक्रेत्यांची जुनी संघटना होती. तिने न्यायालयात धाव घेतली, बोलणी केली, आणि २०१४ साली हा बाजार नव्या काठावरच ओटे बांधून वसवण्यात आला. सगळ्यांचे समाधान झाले असे नाही, तरी धंदा नदीकाठीच राहिला. धोब्यांसाठीही नवा घाट बांधला गेला. ज्यांची नोंद धंदेवाले म्हणून झाली, त्यांना जागा मिळाली. ज्यांची नोंद फक्त झोपडी म्हणून झाली, त्यांना खोली मिळाली आणि धंदा मागे राहिला.

पुण्यात मुळा-मुठेच्या काठी सुमारे ४४ किलोमीटरचे असेच काम ठरले असून त्याची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली. आराखडा त्याच अहमदाबादच्या संस्थेचा आहे. ताडीवाला रोड, पाटील इस्टेट अशा आपल्या माणसांच्या वस्त्या नदीच्या जवळच आहेत. या भागात गाडी किंवा पथारी लावणाऱ्यांनी २०१४ चा पथविक्रेता कायदा वाचून घ्यावा. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, आणि त्यांत अनुसूचित जातींना योग्य प्रतिनिधित्व असावे, अशीही तरतूद आहे. नोंदणीचा अर्ज भरताना अडचण आली तर आपल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सोबत न्यावे. रकाने वाचून भरण्याचे काम त्यांना सहज जमेल.