दाराला हत्ता

रांगतं मूल धडपडतं, कपाळ दाराच्या चौकटीवर आपटतं आणि घर डोक्यावर घेतलं जातं. आजी धावत येते, नातवाला कडेवर घेते आणि चौकटीला एक चापट मारते. "थांब हं, या दाराला हत्ता देते! माझ्या सोन्याला लागलं होय रे?" रडं थांबतं. घरोघरी चालणारा हा खेळ एकटा पाहिला तर निरुपद्रवीच आहे. पण लागलं म्हणजे कुणीतरी मुद्दाम लावलं, आणि त्याला मारलं की बरं वाटतं, हे दोन्ही त्यात आलंच.

यातली पहिली समजूत पुढे महागात पडू शकते. केनेथ डॉज आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या चार वर्षांच्या सुमारे तीनशे मुलांचा अभ्यास १९९० साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. घरात बेदम मार खाल्लेली मुलं बालवाडीत जास्त मारामारी करत होती. चुकून लागलेला धक्काही त्यांना मुद्दाम दिलेला वाटे. मार कधी बसेल याचा नेम नसलेल्या घरात असा संशय कामाचा असतो. मधल्या सुट्टीत मात्र तोच अंगाशी येतो.

मूल निरागस जन्मतं आणि मारामारी बाहेरून शिकतं, असं आपण धरून चालतो. कॅनडातले संशोधक रिचर्ड ट्रेम्बले यांनी हे उलटं केलं. मारणं, चावणं, ढकलणं सर्वांत जास्त दिसतं ते दोन-तीन वर्षांच्या वयात, पुढे ते बहुतेकांत ओसरत जातं. म्हणजे मूल मारायला कुठे शिकलं यापेक्षा, न मारायला त्याला कोणी शिकवलं की नाही, हे विचारायला हवं.

याचं उत्तर शोधत ऑरेगन राज्यातल्या यूजीन गावी मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांची माणसं लोकांच्या घरात वह्या घेऊन बसली. टीव्ही बंद, सगळी मंडळी हजर, आणि पाहुण्याशी कुणी बोलायचं नाही. कोण काय म्हणालं, त्यावर दुसऱ्यानं काय केलं, याची काही काही सेकंदांनी नोंद व्हायची. त्यातून जे हाती लागलं ते पॅटरसन यांनी १९८२ च्या पुस्तकात मांडलं. ते आपल्या जेवणाच्या टेबलावर आणून पाहा.

"मोबाइल ठेव आणि जेव."

"पाचच मिनिटं."

"ठेव म्हटलं ना!"

मुलगा किंचाळतो, ताट ढकलतो. आई दिवसभराची दमलेली. "घे बाबा एकदाचा, पण गप जेव!"

मुलाला मोबाइल मिळाला, आईला शांतता. दोघांचंही काम झालं, म्हणून दोघंही शिकले. उद्या मुलगा थेट किंचाळण्यापासून सुरुवात करील. परवा आई धपाटा घालील, तो गप्प होईल, आणि धपाट्यानं भागतं हे आईला कळेल. पुढच्या खेपेला दोघंही एक पायरी वरून सुरू करतात. यात कुणी दुष्ट नाही, आणि मला पॅटरसन पटतात ते याचसाठी. 'आईबापांचे संस्कारच नाहीत' हे शेजाऱ्यांचं निदान आळशी आहे.

हे बालपणात थांबत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या कोलंबिया काउंटीत १९६० साली लिओनार्ड एरॉन यांनी तिसरीतल्या साडेआठशेहून अधिक मुलांना विचारलं, वर्गात भांडण कोण उकरून काढतं? बावीस वर्षांनी त्यांतल्या अनेकांना पुन्हा गाठलं. वर्गमित्रांनी तेव्हा ज्यांची नावं घेतली होती, त्यांच्यात गुन्हे, जोडीदाराला मारहाण आणि स्वतःच्या मुलांना कठोर शिक्षा यांचं प्रमाण जास्त निघालं.

तरी 'मार खाल्लेला मारणारच' हे खोटं आहे. अमेरिकेतल्या संशोधक कॅथी विडम यांनी १९८९ मध्ये छळ किंवा हेळसांड न्यायालयात नोंदली गेलेल्या ९०८ मुलांची पुढची कागदपत्रं तपासली. मार खाल्लेल्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांना हिंसक गुन्ह्यासाठी अटक झाली होती, तुलनेसाठी घेतलेल्या इतरांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के. दुप्पट, पण शंभरातले चौऱ्याऐंशी त्यात नाहीत. नुसती हेळसांड झालेल्यांचा आकडा मात्र साडेबारा टक्के. ज्यांना कुणी मारलं नाही आणि विचारलंही नाही, त्यांचा हा आकडा मला जास्त बोचतो.

आपल्याकडे केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली महाराष्ट्र, गोव्यासह तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीनातल्या दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. शाळेतली छडी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद झाली, निदान कागदावर. घरातली कोण मोजणार?

घरापर्यंत पोचण्याचा एक प्रयोग न्यूयॉर्क राज्यातल्याच एल्मायरा गावी झाला. डेव्हिड ओल्ड्स यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पहिलटकरणींची चार गटांत वाटणी केली, एकूण चारशे. एका गटाकडे गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईतो नर्स घरी जायची. मुलं पंधरा वर्षांची झाली तेव्हा, गरीब आणि अविवाहित आयांच्या मुलांत, अटकांचं प्रमाण नर्स न गेलेल्या घरांच्या निम्म्याहून कमी होतं. एकोणिसाव्या वर्षी हा फरक मुख्यतः मुलींतच उरला. या नर्सनी शिस्तीवर व्याख्यानं दिली नव्हती. बाळ भुकेनं रडतंय की झोपेनं हे कसं ओळखायचं, सिगारेट कशी कमी करायची, अर्धवट राहिलेली शाळा कधी पुरी करायची, नोकरी कुठे शोधायची, असंच त्या बोलत बसायच्या.