सामायिक काम आणि ज्याची-त्याची जबाबदारी

ज्या विषयावर आज मी बोलण्याचें धाडस करीत आहें, तो माझ्या शिक्षणाच्या किंवा धंद्याच्या दृष्टीनें पाहतां माझा नव्हे. माझें शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचें. आयुष्य गेलें तें मराठी शाळेंत व्याकरण, गणित आणि शुद्धलेखन शिकविण्यांत. संगणकासाठीं आज्ञावली कशी लिहितात, हें मला आजहि नीट सांगतां येणार नाहीं. परंतु माझी सून पुण्यांतील एका सॉफ्टवेअर-कचेरींत काम करते, आणि आठवड्यांतून तीन दिवस तें काम घरूनच करते. तिची खोली आणि माझी आरामखुर्ची यांच्यामध्यें एका पडद्याचेंच अंतर आहे. त्यामुळें रोज सकाळीं साडेनऊला तिची जी पंधरा मिनिटांची सभा लॅपटॉपवर भरते, ती माझ्या कानांवर पडतेच. आरंभीं मीं कान मिटून घेण्याचा प्रयत्न केला. पुढें तो सोडून दिला. तिच्याच परवानगीनें, आणि तिनें आणून दिलेले कांहीं ग्रंथ व निबंध कोशाच्या साह्यानें वाचून, मला जें उमगलें तें आपणांपुढें ठेवतों.

पूर्वीं सॉफ्टवेअर तयार करीत असत तें बहुधा घर बांधण्याच्या रीतीनें. आधीं गिऱ्हाइकाच्या मागण्यांची संपूर्ण यादी, मग आराखडा, मग लेखन, आणि सर्वांत शेवटीं तपासणी. विन्स्टन रॉइस यांनीं १९७० सालच्या एका निबंधांत या पायऱ्यांची आकृति काढून दाखविली, आणि काम असें सरळ उतरत नेणें धोक्याचें आहे, असेंहि तेथेंच सांगितलें. लोकांनीं आकृति तेवढी उचलली व इशारा सोडून दिला. (आमच्या पाठ्यपुस्तकांचेंहि असेंच होतें. मुलें सूत्र पाठ करतात. तें कोठें लागू पडत नाहीं, हें सांगणारी ओळ मात्र कोणी वाचीत नाहीं.) परिणाम असा होई कीं, वर्ष-दोन वर्षांनीं काम पुरें व्हावें, आणि गिऱ्हाइकानें म्हणावें, "मला हें नको होतें."

आय. बी. एम. या कंपनीच्या ओ. एस. ३६० नांवाच्या प्रचंड कामाची धुरा ज्यांनीं वाहिली, त्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनीं १९७५ सालीं एक पुस्तक लिहिलें. त्यांतील एक सिद्धांत प्रसिद्ध आहे: ज्या सॉफ्टवेअरच्या कामाला आधींच उशीर झाला आहे, त्यावर आणखी माणसें घातलीं तर तें अधिकच लांबतें. एक भिंत पांच गवंडी दहा दिवसांत बांधतात, तर दहा गवंडी पांच दिवसांत बांधतील, हें त्रैराशिक मीं हजारों मुलांना शिकविलें. तें येथें चालत नाहीं. याचें एक कारण असें कीं, नव्या माणसांना शिकविण्यांत जुन्यांचा वेळ जातो. दुसरें कारण शुद्ध गणिताचें आहे. पांच माणसें एकमेकांशीं बोलूं लागलीं तर जोड्या दहा होतात. माणसें दहा झालीं कीं जोड्या पंचेचाळीस होतात. माणसें दुप्पट होतात, पण गैरसमजाच्या जागा साडेचारपट होतात! म्हणजे या धंद्यांतील मुख्य अडचण यंत्राची नसून माणसानें माणसाशीं बोलण्याची आहे.

हें ओळखूनच फेब्रुवारी २००१ मध्यें अमेरिकेंतील युटा संस्थानांत, स्नोबर्ड नांवाच्या बर्फावरील खेळांच्या ठिकाणीं, सतरा अनुभवी मंडळी जमली आणि त्यांनीं एक लहानसा जाहीरनामा काढला. त्यालाच 'अ‍ॅजाइल' म्हणजे चपळ पद्धतीचा जाहीरनामा म्हणतात. त्यांत चार मूल्यें सांगितलीं आहेत. पहिलें असें कीं, कार्यपद्धति आणि साधनें यांच्यापेक्षां माणसें आणि त्यांचा परस्परसंवाद यांना अधिक मोल द्यावें. यंत्रांवर उपजीविका करणाऱ्या सतरा जणांनीं पहिला मान यंत्राला न देतां माणसाला दिला, याचें मला कौतुक वाटतें.

या मताला अनुसरणाऱ्या रीती अनेक आहेत. माझी सून ज्या रीतीनें काम करते तिला 'स्क्रम' म्हणतात. त्यांत बहुधा दहा किंवा त्याहून कमी माणसांचा एक चमू असतो. काम एक महिन्यापेक्षां अधिक नाहीं अशा लहान लहान टप्प्यांत करावयाचें. प्रत्येक टप्प्याअखेर वापरतां येईल असें कांहीं तरी हातांत पडलें पाहिजे. रोज पंधरा मिनिटें सर्वांनीं एकत्र येऊन उद्यांपर्यंतची आखणी करावयाची. आणि टप्पा संपला कीं, आपलें कोठें चुकलें याचा एकत्र बसून विचार करावयाचा. यांतील ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, कोणीं काय करावें हें सांगणारा मुकादम येथें नाहीं. तें चमूनेंच आपसांत ठरवावें लागतें.

येथेंच मुख्य प्रश्न उभा राहतो. काम सर्वांचें, तर जबाबदारी कोणाची? क्रायस्लर या मोटारीच्या कारखान्याचे पगार-हिशेब संगणकावर आणण्याचें एक काम गेल्या शतकाच्या अखेरीस चाललें होतें. तेथें केंट बेक आणि त्यांचे सहकारी यांनीं असा नियम पाळला कीं, लिहिलेल्या कोणत्याहि ओळीची मालकी एकट्याची नाहीं. ज्याला चूक दिसेल त्यानें ती दुरुस्त करावी. (तें काम २००० सालीं बंद पडलें, हेंहि सांगितलें पाहिजे; रीत मात्र टिकली.) नियम सुंदर आहे. पण आपल्याकडे म्हण आहे कीं, भागीचें घोडें किवणानें मेलें. सर्वांचें म्हणजे कोणाचेंच नव्हे, हा अनुभव ज्याला नाहीं असा मनुष्य विरळा.

मला तो फार कडू रीतीनें आला. मी ज्या एका शाळेंत होतों, तेथें वार्षिक निकालपत्रकाचें काम तिघांत वांटलेलें असे. एकानें गुण उतरावयाचे, दुसऱ्यानें बेरजा करावयाच्या, आणि तिसऱ्यानें उत्तरपत्रिकांशीं ताडून पाहून सही करावयाची. त्या वर्षीं तिसरा मी होतों. सातवींतील एका मुलाचे गणिताचे ४१ गुण उतरतांना १४ झाले, आणि मुलगा नापास ठरला. जून महिन्यांत गठ्ठे आवरतांना चूक उघडकीस आली. मुख्याध्यापकांनीं तिघांना बोलाविलें. पहिला म्हणाला, "मूळ आंकडा पुसट होता." दुसरा म्हणाला, "बेरीज करणें एवढेंच माझें काम. ती बरोबर आहे." आणि मी म्हणालों, "दोघांच्या सह्या होत्या, वेळहि थोडा होता." तीनहि उत्तरें खरीं होतीं. तोंपर्यंत मुलाच्या वडिलांनीं त्याला मुंबईस एका दुकानावर ठेवून दिलें होतें. मुख्याध्यापकांनीं पत्र धाडलें. मुलगा परत आला नाहीं. माझ्या राहत्या घरापासून त्याचें घर अर्ध्या कोसावर होतें. मी तेथें गेलों नाहीं.

पुष्कळ वर्षांनीं, सुनेनें दिलेल्या वाचनांत ख्रिस्तोफर अ‍ॅव्हरी या अमेरिकन लेखकाचे विचार आले, तेव्हां ही गोष्ट पुन्हां डोळ्यांपुढें उभी राहिली. ते म्हणतात कीं, कांहीं बिघडलें म्हणजे मन एका जिन्यावर उभें राहतें. पहिली पायरी, कांहीं घडलेंच नाहीं असें म्हणणें. मग दोष दुसऱ्यावर ढकलणें. मग परिस्थितीचें कारण पुढें करणें. मग स्वतःची लाज वाटणें. आणि मग नाइलाजानें, करावें लागतें म्हणून करणें. खरी जबाबदारी याच्याहि वर आहे. माझा पहिला सोबती आणि मी परिस्थितीच्या पायरीवर होतों. पुढें कित्येक वर्षें मी लाजेच्या पायरीवर बसून राहिलों. लाज वाटणें म्हणजेच जबाबदारी घेणें, असें आम्हां जुन्या मास्तरांना वाटे, आणि मुलांनाहि आम्हीं तेंच शिकविलें. पण लाज वाटलेला मनुष्य तोंड लपवितो. त्या मुलाच्या घरीं जात नाहीं. कर्तव्यबुद्धीला मात्र त्या गृहस्थांनीं खालची पायरी दिली आहे, ती मला मान्य नाहीं. नाइलाजाचें कर्तव्य वेगळें आणि मनापासून पत्करलेलें कर्तव्य वेगळें, हा भेद आपल्या भाषेंत तरी ठेवला पाहिजे.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर माझ्या धंद्यांतील एक गोष्ट सांगतों. जबाबदारी टाळण्याची मोठी सोय मराठी व्याकरणांत आहे. "काम राहून गेलें." या वाक्यांत कर्ता कोण? काम! जणूं तें आपल्या मर्जीनें मागें राहिलें. "चूक झाली" यांत चूक हीच कर्ता. करणारा मनुष्य वाक्याबाहेर उभा राहून टाळ्या पिटीत आहे. याउलट "मीं चूक केली" हें वाक्य पहा. क्रियापद कर्माप्रमाणें चालतें, प्रयोग कर्मणि आहे. तरी कर्ता आरंभींच उभा आहे. भविष्यकाळाचेंहि तसेंच. "होऊन जाईल", "बघूं या", "करून टाकूं" हे शब्द ऐकून समुद्रापलीकडील सहकारी काम पत्करलें असें समजतो, आणि बोलणाऱ्याच्या मनांत तर फक्त नकार देण्याचा संकोच असतो. सूनबाई म्हणते, तिच्या चमूंतील निम्मी भांडणें या संकोचांतून निघतात. "गुरुवारपर्यंत हें मजकडून होणार नाहीं, शुक्रवारीं अर्धें देईन" असें वेळींच सांगणें ही उद्धटपणाची नव्हे, मोठ्या सौजन्याची गोष्ट आहे. स्क्रमची जी अधिकृत मार्गदर्शिका आहे, तिच्यांत पूर्वीं चमूनें टप्प्याच्या कामाबद्दल वचन द्यावें अशी भाषा होती. २०११ सालीं ती बदलून 'अंदाज' असा शब्द घातला. वचन मोडलें कीं मनुष्य खोटा ठरतो, म्हणून तो लपवालपवी करतो. अंदाज चुकला तर तो उघडपणें सुधारतां येतो.

लपवालपवीची गोष्ट फार महत्त्वाची आहे. हार्वर्ड विद्यापीठांतील एमी एडमन्डसन या विदुषींनीं गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांकडून औषधांच्या चुका कमी होत असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदींत उलटेंच दिसलें: जे गट चांगले, त्यांच्या चुकांची संख्या अधिक! विचारांतीं त्यांना असें दिसलें कीं, चांगल्या गटांतील बायका चूक मोकळेपणीं सांगत होत्या. इतर ठिकाणीं ती दडपली जात होती. चूक बोलून दाखविली तर आपली मानहानि होणार नाहीं, या विश्वासावर त्यांनीं १९९९ सालीं निबंध लिहिला; आज सॉफ्टवेअरच्या धंद्यांत त्याचा उल्लेख वारंवार होतो. मीं तो वाचला तेव्हां मला माझी छडी आठवली. माझ्या वर्गांतील वह्या फार स्वच्छ असत. त्या शेजाऱ्याच्या वहीवरून उतरलेल्या असत, हें मला उशिरा कळलें.

एकमेकांच्या लिखाणाची तपासणी हा या धंद्यांतील नित्याचा भाग आहे, आणि मनें दुखावण्याची जागाहि तीच. जेराल्ड वाइनबर्ग यांनीं १९७१ सालींच लिहून ठेवलें कीं, लिहिणाऱ्यानें आपली आज्ञावली म्हणजे आपणच, असें समजूं नये. हें ऐकावयास सोपें आहे. पण तपासणाऱ्यावरहि कांहीं बंधन आहे. "हें असें कोणीं लिहिलें?" असें विचारणें निराळें, आणि "ही ओळ मला उमगली नाहीं, समजावून सांगाल काय?" असें विचारणें निराळें. दोन्हींत चूक सांपडतेच. एकींत मात्र माणूस हरवतो. मी लाल शाई वापरणारा मनुष्य. मला हें साठीनंतर समजलें.

सगळीकडे ही पद्धति नीट चालते असें समजूं नका. अनेक कचेऱ्यांत पंधरा मिनिटांची सभा म्हणजे साहेबापुढची हजेरी झाली आहे. काल काय केलें, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न ठरलेले असत. प्रत्येकजण तिन्ही उत्तरें म्हणून मोकळा होई, आणि दुसऱ्याचें कोणी ऐकत नसे. २०२० च्या मार्गदर्शिकेंत ते प्रश्न काढून टाकले आहेत. पण वरच्या माणसाला चूक ऐकवत नसेल, तर प्रश्न ठेवले काय नि काढले काय!

परवां सकाळची गोष्ट. सभा नेहमींप्रमाणें इंग्रजींत चालली होती. मधून मधून मराठी-हिंदी. एकाएकीं सूनबाईचा आवाज आला, "काल रात्रीं जें बिघडलें तें माझ्यामुळें. एक तपासणी मीं वगळली." पलीकडे क्षणभर शांतता. मग एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याचा आवाज आला, "तुझें लिखाण मींच पाहिलें होतें, मलाहि दिसलें नाहीं. दुपारीं दोघें बसूं." तेवढेंच. सभा वेळेपूर्वीं संपली. ती बाहेर येऊन म्हणाली, "नाना, दूध उतूं गेलेलें दिसतें."

मी म्हणालों, "गेलें नाहीं. मीं जाऊं दिलें. तुझी सभा ऐकत होतों."

"मग ओटा तुम्हीच पुसा," ती म्हणाली, आणि फडकें माझ्या हातांत दिलें.