जनावर सांभाळताना मूल काय शिकतं?



आजचं बोलणं गोठ्यातलं आहे, पण दुधाच्या भावाचं नाही. ते आहे लेकरांच्या वळणाचं.

गटाच्या बैठकांमध्ये आम्हाला दोन तऱ्हेचं बोलणं नेहमी ऐकू येतं. एक ताई म्हणते, "पोरगं मोबाईल सोडत नाही, गोठ्याकडे फिरकतसुद्धा नाही." दुसरी म्हणते, "शेरडं राखायला लावली आणि पोरीची शाळा सुटली." दोघींचंही खरं आहे. मग जनावराचं काम मुलाला घडवतं की अडकवतं? अमेरिकेतल्या काही ख्रिस्ती लोकांनी मुलांवरचे संस्कार आणि जनावरांचं काम यांची मुद्दाम सांगड घातली आहे. त्यांच्याकडून काय घ्यावं आणि काय सोडावं, ते आज पाहू.

मालक नव्हे, कारभारी

या लोकांचा विचार बायबलमधून येतो. जनावरं देवाची आहेत, माणूस त्यांचा फक्त कारभारी आहे, असं ते मानतात. कारभाऱ्याला एक दिवस हिशेब द्यावा लागतो. मोशेच्या दहा आज्ञांमध्ये शब्बाथाच्या दिवशी विश्रांती घ्यायला सांगितलं आहे, आणि ती विश्रांती घरच्या माणसांसोबत गुरांनाही दिलेली आहे. नीतिसूत्रांच्या पुस्तकात चांगल्या माणसाची एक खूण सांगितली आहे, ती म्हणजे त्याला आपल्या जनावराच्या जिवाची काळजी असते. दाविद राजासुद्धा आधी बापाची मेंढरं राखणारा सगळ्यात धाकटा मुलगा होता.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. पोळ्याच्या दिवशी आपणही बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. विदर्भात तर तान्ह्या पोळ्याला लहान मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात.

आमिश घरातली कामं

अमेरिकेत आमिश नावाचा एक ख्रिस्ती समाज आहे. यांचे पूर्वज १८व्या शतकापासून स्वित्झर्लंड आणि जर्मनीकडच्या भागातून तिकडे गेले. पेनसिल्व्हेनिया राज्यातला लँकेस्टर जिल्हा आणि ओहायोमधला होम्स जिल्हा या त्यांच्या मोठ्या वस्त्या. जुन्या रीतीचे आमिश स्वतःची मोटार ठेवत नाहीत. घोड्याच्या बग्गीतून जातात आणि शेतात नांगर, पेरणी, गवताची कापणी घोड्यांच्या किंवा खेचरांच्या जोरावर करतात. म्हणजे घरात जनावर हवंच, आणि त्याची कामं रोज करायलाच हवीत.

मूल चालायला लागलं की आईबापाच्या मागे गोठ्यात येतं. आधी कोंबड्यांना दाणे टाकणं, अंडी गोळा करणं. मग वासराला दूध पाजणं, पाणी भरणं, गव्हाण झाडणं. मोठी झाली की मुलं-मुली धारा काढतात. घोड्यांची जोडी हाकणं सगळ्यात शेवटी, तेही वडील किंवा मोठा भाऊ शेजारी असताना.

यातून त्यांना काय साधायचं असतं? त्यांच्या बोलीत 'डेमुट' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ नम्रता. मी मोठा, मी शहाणा, हे मनातून काढून टाकायचं. वासराला भूक लागली की ते थांबत नाही. आज कंटाळा आला, पाऊस आहे, पाहुणे आलेत, ही कारणं त्याला कळत नाहीत. दुसऱ्या जिवाची गरज आपल्या लहरीच्या आधी ठेवायची, हे मुलाला रोज सकाळ-संध्याकाळ करावं लागतं. उपदेशाची गरजच कमी पडते.

आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. तिथे मूल एकटं राबत नाही. आई, बाप, आजोबा त्याच कामात असतात. मूल पाहून शिकतं. चिडलेल्या गाईला बाप काठीने हाणतो की मानेवर हात फिरवून शांत करतो, ते मूल पाहत असतं आणि तसंच करतं.

घोड्यापुढे आरडाओरडा चालत नाही

आता घोड्याकडे येऊ. ओरेगन राज्यात क्रिस्टल पीक्स यूथ रँच नावाची एक जागा आहे. किम मीडर आणि त्यांचे पती ट्रॉय यांनी ती १९९५ मध्ये सुरू केली. किम लहान असतानाच त्यांचे आईवडील गेले. त्या दुःखात एका घोड्याने त्यांना आधार दिला. पुढे या दांपत्याने हाल झालेले, टाकून दिलेले घोडे आणायला सुरुवात केली, आणि दुखावलेली मुलं तिथे येऊ लागली. पद्धत साधी आहे. एक मूल, एक घोडा आणि सोबत एक मोठं माणूस. पैसे घेत नाहीत. हे काम ते ख्रिस्ती सेवा म्हणून करतात.

घोडाच का? कारण घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी आहे. धोका दिसला की पळायचं, हा त्याचा स्वभाव. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला चौफेर दिसतं. पण अगदी पाठीमागचं आणि नाकासमोरचं दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप गेलात तर तो दचकतो आणि लाथ मारतो. बाजूने, आवाज देत, सावकाश जावं लागतं. मूल रागात असेल, हात झटकत असेल, ओरडत असेल, तर घोडा कान मागे पाडतो, अंग आखडतो, दूर सरकतो. मूल शांत झालं की घोडाही शांत होतो, मान खाली घेतो. 'राग आवर' असं आपण मुलाला शंभर वेळा सांगतो. घोडा न बोलता लगेच दाखवून देतो.

त्यात घोड्याची सेवाही मोठी. रोज खरारा करायचा, प्रत्येक खूर उचलून आतली माती आणि खडे काढायचे. घोड्याला दिवसाला २५ ते ४५ लीटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. त्याला उलटी करता येत नाही, म्हणून एकदम जास्त दाणा घातला तर पोटशूळ होऊन जीवही जाऊ शकतो. चारा थोडा थोडा आणि वेळेवर द्यावा लागतो. म्हणजे नुसती माया पुरत नाही, माहिती आणि नेमही लागतो. लाडाने जास्त खायला घालणं ही माया नव्हे, हे लहान वयात कळलं तर पुढे माणसांशी वागतानाही उपयोगी पडतं.

इथे मात्र जपायचं

आता दुसरी बाजू. आमिश मुलं आठवीपर्यंतच शाळेत जातात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये त्यांना तशी मुभा दिली. आम्हाला हे घेण्यासारखं वाटत नाही. मूल कष्टाळू आणि नम्र झालं, पण पुढे दुसरी वाट निवडायची म्हटलं तर हातात शिक्षण नाही, हा सौदा महाग आहे. आपल्याकडे त्याची किंमत बहुतेक वेळा मुलगीच मोजते.

दुसरं म्हणजे इजा. गोठ्याच्या माळ्यावरून चारा खाली टाकायला भोकं ठेवलेली असतात. त्यांतून पडून आमिश मुलं जखमी झाली आहेत. जनावराची लाथ आणि शेतातली यंत्रं यांचा धोका वेगळाच. म्हणून १९९९ मध्ये अमेरिकेत शेतीतली कोणती कामं मुलांना कोणत्या टप्प्यावर द्यावीत याची मार्गदर्शक यादीच तयार झाली. तिचा गाभा सोपा आहे. मुलाचं वय किती हे एवढंच पाहायचं नाही. त्याची ताकद, समज आणि मोठ्या माणसाची नजर हेही पाहायचं.

आपल्याकडे कायदाही स्पष्ट आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण हा हक्क आहे. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये बदल झाला, त्यानुसार १४ वर्षांखालचं मूल घरच्या कामात मदत करू शकतं, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, आणि धोक्याचं नसलेलं कामच.

शिक्षण आणि काम दोन्ही एकत्र चालू शकतात, हे आपल्याच मातीत दिसलं आहे. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात निराधार झालेल्या मुली आल्या. तिथे ख्रिस्ती संस्कारांसोबत त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि शेती, दूधदुभतं, विणकाम, छपाई अशी कामंही शिकल्या. तिथलं काम त्यांना स्वतःच्या पायावर उभं करण्यासाठी होतं.

आपल्या घरी काय करता येईल?

आपल्या दारात घोडा नसला तरी शेळी, कालवड, कोंबड्या आहेतच. पुढच्या गोष्टींवर गटात चर्चा करा.

एक, मुलाला सगळा गोठा देऊ नका. एकच जनावर, एकच नेमकं काम द्या. सकाळी वासराला ताजं पाणी, एवढंच. पण ते काम त्याचंच.

दोन, पहिले काही आठवडे सोबत उभ्या राहा. कारण सांगा. वासरू जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच चीक का पाजायचा, तर त्यातूनच त्याला रोगाशी लढायची ताकद मिळते. कारण कळलं की मूल कामाला ओझं म्हणत नाही.

तीन, मुलगा आणि मुलगी दोघांनाही शेण काढू द्या आणि दोघांनाही बाजारात न्या. शेणाचं काम मुलीचं आणि व्यवहार मुलाचा, असं झालं तर दोघंही चुकीचं शिकतात.

चार, जनावर विकायचं असेल तर मुलाला आधी सांगा. शाळेतून येऊन रिकामं दावं पाहिलं तर त्याचा आपल्यावरचा विश्वास जातो. रडलं तर रडू द्या, माया केली म्हणूनच ते रडतं.

पाच, "ही शेळी तुझी" असं म्हटलं असेल तर तो शब्द पाळा. थोडे तरी पैसे तिच्या नावावर ठेवा. पोस्टात १० वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावाने बचत खातं चालवता येतं.

आणि शेवटचं, जनावराच्या कामासाठी शाळेचा एकही दिवस बुडवायचा नाही. ज्या दिवशी बुडेल, त्या दिवशी आपण मुलाला घडवत नसतो, आपली मजुरी वाचवत असतो.

मैत्रिणींनो, गोठा आपोआप संस्कार करत नाही. तिथे मुलाशी आणि जनावराशी आपण कसं वागतो, त्यातून तो होतो. येत्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरातलं मूल कोणतं काम करतं, किती वेळ करतं आणि त्या वेळी सोबत कोण असतं, एवढं सांगायचं. बोलता बोलता आपल्यालाच उत्तर सापडेल.