सोडायचा श्वास

पौष वद्य पंचमीला तिरुवैयारूला, कावेरीच्या काठी, कर्नाटक संगीताचे रचनाकार त्यागराज यांच्या समाधीपुढे शेकडो गायक मांडी घालून बसतात आणि नाटापासून श्रीरागापर्यंत पाच कृती एकसुरात गातात. गाणं चालतं ते बाहेर जाणाऱ्या श्वासावर. घ्यायचा झटकन, सोडायचा पुरवून पुरवून. सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजारात नेमकं हे सोडणंच बिघडतं. हवा आत जात नाही असं रोग्याला वाटतं. खरं तर आधीची बाहेर पडलेली नसते.

मोठ्या श्वासनलिकांना कूर्चेचा आधार असतो. शाखा फुटत फुटत दोन मिलिमीटरहून बारीक झालेल्या नळ्यांना तो नाही. भोवतालच्या वायुकोशांच्या लवचीक भिंतीच त्यांना चहूबाजूंनी ओढून उघड्या ठेवतात, तंबूला तणावे धरतात तशा. वर्षानुवर्षं धूर गेला की तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशींमधलं इलास्टेज नावाचं विकर हे तणावे कुरतडतं. नळी आतून सुजते, बेडका साचतो. मग श्वास सोडताना छातीतला दाब वाढला की आधार सुटलेली नळी मिटते आणि हवा मागेच कोंडते. पुढचा श्वास त्या भरलेल्या छातीतच घ्यायचा! घुमटासारखं श्वासपटल सपाट होतं, छाती पिंपासारखी दिसू लागते. या नळ्या हजारोंनी असल्यामुळे बऱ्याच निकामी होईपर्यंत माणसाला पत्ताही लागत नाही.

लंडनच्या जॉन हचिन्सनने फुफ्फुसातली हवा मोजणारं यंत्र मांडलं १८४६ साली. पण हवा एकूण किती, यापेक्षा पहिल्या सेकंदात किती बाहेर पडते हे महत्त्वाचं, हे फ्रान्सच्या टिफनोने दाखवायला १९४७ उजाडलं. श्वासनलिका रुंदावणारं औषध देऊनही एकूण हवेतलं पहिल्या सेकंदाचं हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली राहिलं, तर अडथळा पक्का.

विडी-सिगारेटवर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही. कधीही धूम्रपान न केलेल्यांच्या सीओपीडीकडे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून लक्ष वेधलं. आपल्याकडे त्याचं मोठं कारण चूल. ओणवं होऊन फुंकणीत लांब फुंकर घालायची आणि लगेच तितकाच खोल श्वास धुरातून ओढायचा. दिवसातून दोनदा, चाळीस वर्षं.

पुढे चूल फुंकणाऱ्या बाईला दोन पायऱ्या चढून धाप लागते, तेव्हा कुणी न शिकवता ती ओठांचा चंबू करते, फुंकणीवर करायची तसाच. त्याने नळ्यांतला दाब टिकतो, त्या जरा उशिरा मिटतात, आणि कोंडलेल्यातली थोडी हवा बाहेर पडते.